गरम झाल्यावर बंद पडणारे जुन्या ट्रकचे इंजिन : नेमका दोष कसा शोधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ट्रक १९६०च्या दशकातला आहे. इंजिन पेट्रोलवर चालणारे, एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचे, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेले, १२ व्होल्टचे आहे. गार असताना ते स्टार्टर फिरताच सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटे उत्तम चालते आणि मग कधी सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात असताना, तर कधी वेग कमी करताना एकदम बंद पडते. त्यानंतर स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्ध्या तासाने मात्र काहीच झाले नव्हते अशा थाटात ते पुन्हा सुरू होते. आतापर्यंत पेट्रोलचा पंप, फिल्टर, स्पार्क प्लग आणि कार्बोरेटरचे किट बदलून झाले आहे, पण दोष जसाच्या तसा आहे.

माझे पहिले सांगणे असे की, निदान होईपर्यंत आता आणखी एकही सुटा भाग विकत घेऊ नये. या प्रकारचा दोष इंजिन गरम असतानाच अस्तित्वात असतो. गाडी गॅरेजपर्यंत पोहोचते, बॉनेट उघडले जाते, अवजारे बाहेर निघतात, आणि तेवढ्या वेळात तपासायची वस्तूच नाहीशी झालेली असते. गार इंजिनावर घेतलेली सगळी मापे बरोबर येतात, म्हणून मग अंदाजाने भाग बदलणे सुरू होते. बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटे हाच तपासणीचा खरा काळ आहे, आणि त्या पाच मिनिटांत एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवायचे आहे : या क्षणी इंजिनाला ठिणगी मिळत नाही, की पेट्रोल मिळत नाही, की पेट्रोल गरजेपेक्षा जास्त मिळत आहे? हे उत्तर मिळाले की उरलेले काम तुलनेने सोपे असते.

त्यासाठी दोष रस्त्यात उद्भवण्याची वाट पाहू नये, तो मोकळ्या आणि सुरक्षित जागी मुद्दाम उभा करावा. बॉनेट बंद ठेवून इंजिन थोड्या चढ्या फेऱ्यांवर चालू ठेवावे, किंवा ट्रक जवळच्या जवळ फिरवून आणावा. हाताशी मल्टिमीटर, चिमटे लावलेल्या दोन-तीन लांब वायरी, ठिणगी तपासण्यासाठी एक जास्तीचा प्लग, ओली फडकी, शक्य असल्यास दुसऱ्या चालू गाडीवरून काढलेली त्याच प्रकारची कॉइल (बॅटरीच्या विजेचे व्होल्टेज ठिणगीपुरते वाढवणारी वेटोळी) आणि कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी शमवणारा लहान भाग) एवढे साहित्य असावे. अग्निशामक नळकांडेही जवळ असलेच पाहिजे. उघडे पेट्रोल, तापलेला मॅनिफोल्ड (सिलिंडरांना जोडलेला नळ्यांचा संच) आणि मुद्दाम पाडलेली ठिणगी या तिन्ही गोष्टी या तपासणीत एकाच बॉनेटखाली असतात, त्यामुळे ही सूचना केवळ औपचारिक समजू नये.

बॉनेट उघडण्यापूर्वी आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. दोष उष्णतेचा आहे की नुसता वेळेचा? दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले असेल, तर पेट्रोल उपसले जाईल तशी टाकीत पोकळी निर्माण होत जाते, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पंपाला पेट्रोल ओढता येईनासे होते. गाडी उभी राहिली की हवा हळूहळू आत शिरते आणि इंजिन पुन्हा सुरू होते. टाकीतला गंज किंवा गाळ ओढनळीच्या तोंडाशी जमून, इंजिन थांबल्यावर पुन्हा खाली बसण्यानेही हेच घडते. या दोन्हींचा इंजिनाच्या तापण्याशी काहीही संबंध नाही. म्हणून बंद पडताक्षणी सर्वांत आधी टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि लगेच इंजिन सुरू झाले, तर शोध तिथेच संपतो.

इंजिन कसे बंद पडते, याकडेही नीट लक्ष द्यावे. पेट्रोल कमी पडू लागले, तर इंजिन सहसा आधी ओढ कमी करते, गचके देते, कार्बोरेटरमधून शिंकते, एक्सलरेटर दाबल्यावर क्षणभर सावरते आणि मग दम सोडते. ठिणगी तुटली तर मात्र कोणीतरी किल्ली फिरवून बंद केल्यासारखे ते एका क्षणात थांबते. तुमच्या वर्णनात एकसारख्या वेगात असताना, कोणतीही पूर्वसूचना न देता थांबणे आहे, आणि बदललेल्या भागांपैकी प्लग वगळता सगळे पेट्रोलच्या बाजूचे आहेत. माझा कौल इग्निशनच्या, म्हणजे ठिणगीच्या दोषाच्या, बाजूने आहे. तरीही तो कौलच आहे, निकाल नव्हे; कारण अर्ध्या तासात पूर्ववत होणे हे तापलेल्या कॉइललाही लागू पडते आणि नळीत झालेल्या वाफेलाही.

आता ती पाच मिनिटे. एअर क्लीनर आधीच काढून ठेवलेला असावा. इंजिन बंद, किल्ली बंद, आणि कार्बोरेटरच्या घशात टॉर्चने पाहत थ्रॉटलचा दांडा हाताने एकदाच पूर्ण ओढावा. यावेळी कोणीही स्टार्टर फिरवता कामा नये, कारण कार्बोरेटरमधून उलटी आलेली ज्वाळा थेट तोंडावर येते. एक्सलरेटर पंपाच्या बारीक नळीतून पेट्रोलची भक्कम धार पडली, तर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या साठ्यात, पेट्रोल आहे आणि आपण ठिणगीकडे वळावे. धार आलीच नाही किंवा फुसफुसत फेस आला, तर चेंबर रिकामे आहे किंवा त्यातले पेट्रोल उकळते आहे. दांडा न हलवताही मधल्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल, घसा ओला असेल आणि वास उग्र असेल, तर इंजिन पेट्रोलने बुडाले आहे. एवढ्या एका कृतीने निम्मे इंजिन संशयातून मोकळे होते.

ठिणगीकडे वळायचे झाले, तर ती कार्बोरेटरपासून दूर तपासावी. कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरकडे (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जाणारी मधली जाड वायर जास्तीच्या प्लगला जोडून तो प्लग इंजिनाच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवावा आणि स्टार्टर मारावा. प्लगची फट नेहमीच्या फटीपेक्षा बरीच मोठी, पाच-सहा मिलिमीटर ठेवावी. उघड्या हवेत ठिणगी उडवणे सोपे असते, तर सिलिंडरमध्ये दाबाखाली तीच ठिणगी उडवायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे लहान फटीवर दिसलेली बारीक पिवळी ठिणगी फसवी ठरते. निळसर, जाड आणि चटचट आवाज करणारी ठिणगी हवी.

ठिणगी नाही असे दिसले, की मल्टिमीटर घ्यावा. कॉइलच्या ज्या टोकाची वायर डिस्ट्रिब्यूटरकडे जाते, त्या टोकावर मीटरचे एक टोक आणि इंजिनाच्या धातूवर दुसरे लावून, किल्ली चालू ठेवून, इंजिन थोडे थोडे फिरवत पॉइंट एकदा उघडे आणि एकदा मिटलेले असताना वाचन घ्यावे. पॉइंट उघडे असताना तिथे बॅटरीइतके व्होल्टेज दिसले पाहिजे आणि मिटलेले असताना जवळपास शून्य, म्हणजे एका व्होल्टच्या दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त नको. पॉइंट मिटलेले दिसत असूनही पूर्ण व्होल्टेज राहत असेल, तर पॉइंटमधून प्रवाह जात नाही किंवा पॉइंट बसवलेल्या प्लेटची अर्थिंग तुटली आहे. उलट पॉइंट उघडे असूनही शून्यच राहत असेल, तर कॉइलच्या दुसऱ्या टोकावर, किल्लीकडून येणाऱ्या वायरीवर, व्होल्टेज आहे का ते पाहावे. तिथे व्होल्टेज असेल, तर कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे, डिस्ट्रिब्यूटरच्या भिंतीतून आत जाणारी वायर सोललेल्या जागी धातूला टेकते आहे, किंवा क्वचित कॉइलचे प्राथमिक, म्हणजे जाड तारेचे, वेटोळेच तुटले आहे. डिस्ट्रिब्यूटरची वायर क्षणभर सोडवली की यातला भेद कळतो : वायर सोडवल्यावर टोकावर व्होल्टेज आले तर दोष डिस्ट्रिब्यूटरमध्ये, नाही आले तर कॉइलमध्ये. किल्लीकडच्या टोकावरच व्होल्टेज नसेल, तर किल्लीचा स्विच, बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोध) किंवा मधला एखादा सैल सांधा पाहावा. जुन्या स्विचची आतली पाने गरम झाल्यावर संपर्क सोडतात आणि गार झाल्यावर पुन्हा धरतात, हे मी वारंवार पाहिले आहे. अशा वेळी बॅटरीपासून कॉइलला तात्पुरती थेट वायर दिल्यावर इंजिन चालू राहिले, तर पुरावा मिळतो.

प्लेटच्या अर्थिंगबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (इंजिनाच्या ओढीनुसार ठिणगीची वेळ बदलणारी यंत्रणा) असलेल्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंटची प्लेट सतत थोडी मागेपुढे फिरत असते, आणि तिला शरीराशी जोडणारी विणलेल्या तांब्याची एक मऊ वायर असते. वर्षानुवर्षे वाकून वाकून तिचे धागे एकेक करून तुटतात, वरचे कापडी वेष्टण मात्र शाबूत असते. गार असताना उरलेले दोन धागे काम भागवतात. उष्णता आणि कंपन वाढले की ते सुटतात. नजरेने काही दिसत नाही. प्लेट हाताने दोन्ही टोकांपर्यंत फिरवत मीटरवर रोध पाहिला, तरच हा दोष सापडतो.

वरची सगळी वाचने बरोबर असूनही मधल्या वायरीवर ठिणगी नसेल किंवा ती दुबळी असेल, तर संशय कॉइल आणि कंडेन्सर या दोघांवरच उरतो, आणि तुमच्या लक्षणांत हेच दोघे मला सर्वाधिक संशयित वाटतात. कॉइलच्या आतल्या हजारो वेटोळ्यांवरचे आवरण एखाद्या ठिकाणी कमजोर झाले, की तापून प्रसरण पावल्यावर तिथे आतल्या आत ठिणगी पडते आणि बाहेर काही येत नाही. कॉइल हाताला गरम लागणे हा मात्र दोष नव्हे; चालू इंजिनावरची निरोगी कॉइलही चांगलीच तापते. मीटरने रोध मोजतानाही हे ध्यानात ठेवावे की तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, त्यामुळे गार असताना ३ ओहम दाखवणारी कॉइल साठ अंशांनी तापल्यावर ३.७ ओहमच्या आसपास दाखवेल, आणि ते योग्यच आहे. मोजमापापेक्षा भरवशाची रीत अशी की, इंजिन बंद पडताक्षणी तापलेल्या कॉइलच्या वायरी काढून त्याच प्रकारच्या गार कॉइलला जोडाव्यात आणि स्टार्टर मारावा. इंजिन त्याच क्षणी सुरू झाले, तर अर्धा तास थांबून सुरू होण्याशी त्याची गल्लत होऊ शकत नाही.

त्याच वेळी कॉइल आणि बॅलास्ट यांची जोडी जुळते का, हेही पाहावे. बॅलास्टशिवाय चालणाऱ्या १२ व्होल्टच्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध साधारणतः ३ ओहम असतो, तर बॅलास्टसह चालणारीचा साधारणतः दीड. दीड ओहमची कॉइल बॅलास्ट न लावता थेट जोडली, तर पॉइंट मिटलेले असताना ४ ऐवजी ८ अँपिअर प्रवाह वाहू लागतो. पॉइंट जळतात, कॉइल उकळू लागते आणि नवी कॉइलही थोड्याच काळात गरम झाल्यावर दगा देऊ लागते. मधल्या काळात कोणीतरी कॉइल बदललेली असेल, तर ही विजोड बसवणूक होण्याची शक्यता बरीच असते.

कंडेन्सर ही लहानशी वस्तू आहे, पण तिच्यामुळे होणारा मनस्ताप मोठा असतो. तिची क्षमता साधारणतः ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते. ती गरम झाल्यावर आतून तुटली, तर पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये मोठी, पांढरट-पिवळी ठिणगी उडताना दिसते आणि कॉइलमधून मिळणारी ठिणगी मरतुकडी होते. तपासण्यासाठी जुन्या कंडेन्सरची वायर सोडवावी आणि चांगला कंडेन्सर डिस्ट्रिब्यूटरच्या बाहेरून चिमट्यांनी जोडावा : एक टोक पॉइंटच्या वायरीवर, दुसरे धातूवर. जुना तसाच ठेवून शेजारी नवा जोडू नये, कारण जुना शॉर्ट असेल तर नव्याचा काही उपयोग होत नाही. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो : वेष्टनातून नुकताच काढलेला कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर, असे मुळीच समजू नये. हल्ली मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरांपेक्षा कित्येकदा जुना, वापरलेला पण सिद्ध झालेला कंडेन्सर अधिक विश्वासार्ह ठरतो.

मधल्या वायरीवर ठिणगी उत्तम आहे पण प्लगपर्यंत पोहोचत नाही, असे असेल तर रोटर (डिस्ट्रिब्यूटरमध्ये फिरून एकेका प्लगला ठिणगी देणारा भाग) पाहावा. त्याचे आवरण भेदून ठिणगी खालच्या दांड्यात जात असू शकते. झाकण काढून, मधली वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून किंचित वर धरून स्टार्टर मारावा. वायर धरायला कोरडी लाकडी पक्कड किंवा जाड रबर वापरावे. पट्टीवर सतत ठिणगी उडत असेल, तर रोटर गळका आहे.

आता पेट्रोलची बाजू, म्हणजे धार न येण्याची स्थिती. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक घटकांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सियसपासूनच वाफ होऊ लागतात, तर जड घटकांना २०० अंशांच्या आसपास तापमान लागते. इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप टाकीकडून पेट्रोल ओढतो, म्हणजे टाकी ते पंप या नळीत दाब वातावरणापेक्षाही कमी असतो, आणि दाब कमी झाला की उकळण्याचा बिंदू आणखी खाली येतो. म्हणून वाफ बहुधा पंपाच्या अलीकडे, ओढीच्या बाजूला होते. पंपाचा पडदा ती वाफ नुसती दाबतो आणि सोडतो. द्रव पुढे सरकत नाही. इंजिनात इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जात असेल तर ही प्रवृत्ती वाढते, कारण सुमारे १० टक्के इथेनॉलने मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो. शिवाय अशा पेट्रोलला जळण्यासाठी हवा कमी लागते. साध्या पेट्रोलचे आदर्श प्रमाण १४.७ला १ असते, तर याचे सुमारे १४.१ला १. त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या मापाच्या छिद्रावर) इंजिन थोडे कोरडे, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालते.

चालत्या गाडीत वारा आणि ताजे पेट्रोल नळ्या गार ठेवतात. इंजिन थांबले की पंखा आणि पाण्याचे अभिसरण दोन्ही थांबतात, मॅनिफोल्डची साठलेली उष्णता वर चढते, आणि बॉनेटखालचे तापमान पुढची दहा-पंधरा मिनिटे कमी होण्याऐवजी वाढतच जाते. त्यामुळे वाफेचा दोष बहुतेक वेळा थोडा थांबा घेऊन पुन्हा निघाल्यावर दिसतो. तुमचा ट्रक वेगात असताना बंद पडतो, म्हणूनही मी वाफेला दुसरे स्थान देतो. तपासणीसाठी पंपावर आणि त्याच्याकडे येणाऱ्या नळीवर ओले फडके गुंडाळावे, तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी पडू देऊ नये. दोन-तीन मिनिटांत धार परत आली, तर वाफच होती.

पण वाफेला दोष देण्यापूर्वी ओढीच्या बाजूच्या रबरी नळ्या नक्की पाहाव्यात. चिरलेली नळी बाहेर पेट्रोल गळू देत नाही, पण आत हवा ओढते. आतून फुगलेली नळी गरम होऊन मऊ पडली की ओढीने चपटी होते. दोन्ही दोष वाफेसारखेच भासतात. पंपाचा दाब आणि पुरवठाही मोजावा. अशा इंजिनांवर सर्वसाधारणपणे चौरस इंचाला ३ ते ५ पौंड दाब आणि मिनिटभरात निदान अर्धा लिटर पेट्रोल अपेक्षित असते. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा.

वाफ सिद्ध झाली, तर उपाय उष्णतेवर करावा. नळी मॅनिफोल्डपासून दूर न्यावी, मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा, कार्बोरेटरखाली उष्णतारोधक जाड पॅकिंग घालावे, आणि जास्तीचे पेट्रोल बारीक छिद्रातून टाकीत परत नेणारी नळी बसवावी, जेणेकरून पेट्रोल पंपापाशी तुंबून तापत राहणार नाही. एका रांगेतल्या अशा जुन्या इंजिनांत आत घेणारा आणि बाहेर टाकणारा मॅनिफोल्ड बहुधा एकाच बाजूला असतात, आणि गार इंजिनासाठी धुराची उष्णता कार्बोरेटरखाली वळवणारी एक झडप अनेकदा त्यांच्यामध्ये असते. ती गंजून बंद स्थितीत अडकली, तर गरम इंजिनालाही सतत उष्णता मिळत राहते. ती हाताने मोकळी फिरते का, हे इंजिन गार असताना पाहणे दोन मिनिटांचे काम आहे आणि ते फार थोडे लोक करतात. टाकीजवळ विजेचा पंप बसवणे हा उपाय परिणामकारक आहे, पण तो चिरलेली नळी आणि गाळही काही काळ झाकून टाकतो. म्हणून तो शेवटी करावा, आणि केलाच तर इंजिन थांबताच पंप आपोआप बंद होईल अशी जोडणी असावी.

पेट्रोलने बुडालेल्या इंजिनाची खूण वेगळी असते. एक्सलरेटर तळापर्यंत दाबून, पंप न करता, तसाच धरून स्टार्टर मारला तर ते काळा धूर सोडत सुरू होते. मग फ्लोटची उंची, सुईची झडप आणि गरम झाल्यावरही पूर्ण न उघडणारा चोक पाहावा.

यांत्रिक कारणे कमी आढळतात, पण ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक असतील तर त्यांच्याकडे वळावे लागते. टॅपेटची (वाल्व उघडणाऱ्या भागाची) फट कमी ठेवलेली असेल, तर गरम झाल्यावर एक्झॉस्ट वाल्व पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. गार आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत कॉम्प्रेशन मोजल्यास फरक उघड होतो. स्टार्टर गरम अवस्थेत जड फिरत असेल, तर प्रश्न वेगळाच आहे, पण तुमचा जोरात फिरतो.

ज्यांचा जुना ट्रक डिझेलवर आहे, त्यांच्यासाठी एवढेच : गरम झाल्यावर बंद पडून गार झाल्यावर सुरू होणे हे तिथे बहुधा झिजलेल्या रोटरी इंजेक्शन पंपाचे लक्षण असते, कारण तापलेले डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटींतून निसटते. पंपावर ओले फडके ठेवून थोड्या वेळाने इंजिन सुरू झाले, तर पंप उघडावा लागेल. त्यावर गार पाणी ओतू नये. आतले भाग अडकू शकतात.

दोष सापडून भाग बदलला, इंजिन चालू राहिले, तरी काम संपलेले नसते. इंजिन पूर्ण तापवावे, बॉनेट मिटून वीस मिनिटे उभे ठेवावे, पुन्हा सुरू करून लगेच फेरी मारावी, आणि हे दोन-तीनदा करावे. त्यानंतर काढलेला जुना भाग मुद्दाम परत लावून पाहावा. त्याच्यासोबत दोष परत आला, तर निदान पक्के झाले. परत आला नाही, तर भाग बदलताना तुमचा हात लागलेल्या वायरींपैकी एखादा सैल सांधा तेवढ्यापुरता घट्ट झाला आहे असे समजावे, आणि प्रत्येक टोक सोडवून, घासून, नव्याने आवळावे.